रिकामी पट्टी

पुण्यात कर्वे रस्त्याच्या कडेने चालताना एक मोठी बस अंगाला घासून गेल्यासारखी गेली. बस जात होती तोवर काही झालं नाही. ती गेल्यानंतर, तिचं मागचं लाल दिवे असलेलं तोंड पुढच्या गर्दीत शिरल्यानंतर, वारा आला. सरळ नव्हे, वळून आला, खालून वर, धूळ आणि कागद घेऊन. सदऱ्याचा घोळ वर उडाला आणि मी मागे न बघताच हात मागे केला आणि म्हटलं, "सांबाळ गो." हात तसाच राहिला. मागे मेथीची पिशवी घेतलेली एक बाई होती. तिने माझ्या हाताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि बाजूने वळसा घालून पुढे गेली. तन्वी दोन पावलं पुढे होती. ती माझी मुलगी. ती थांबून वळली होती आणि तिने बघितलं होतं. मी हात खिशात घातला. सुगंधाला, माझ्या बायकोला, जाऊन तेव्हा चार-पाच महिने झाले असतील. ती पावसाआधी गेली. पण माझ्या हाताला ते अजून कोणी सांगितलं नव्हतं, असं मला वाटलं, आणि तो खिशातला हात मला परक्याचा वाटू लागला. पुढच्या चौकात रस्ता ओलांडताना तन्वी एवढंच म्हणाली, "तो बसचो वारो, बाबा. बस हवेक ढकलून जाता, मगे हवा तिच्या मागसून धावत येता. माजा काम ताच."

तिचं काम काय ते मला तोवर नीट माहीत नव्हतं. गावात कोणी विचारलं तर मी म्हणायचो, पुण्यात शिकते, हवेचं काहीतरी. मी स्वतः शिडं शिवणारा माणूस. मालवणच्या बाजारात माझी शेड आहे. होड्यांना इंजिनं लागली, शिडं गेली, तेव्हापासून ताडपत्र्या शिवतो. मी पुण्याला गेलो होतो ते तन्वीने बोलावलं म्हणून. दोन खोल्या भाड्याने घेतल्यात, बघून जावा, म्हणाली. बघितल्या. दुसऱ्या खोलीत एक नवी खाट होती, गादीवरचा प्लास्टिकचा कागदसुद्धा काढलेला नव्हता. ती कोणासाठी, ते मी विचारलं नाही. मलाही तिला एक सांगायचं होतं आणि तेही माझ्या तोंडातून निघत नव्हतं. आमच्या गावात देवाने कौल दिला होता. येत्या मार्गशीर्षात गावपळण होती, म्हणजे अख्खं गाव काही दिवस रिकामं करायचं होतं.

दुपारी ती मला तिच्या कामाच्या जागी घेऊन गेली. थंड खोली, ओळीने संगणक, चपला बाहेर. तिने एक खुर्ची ओढून दिली आणि पडद्यावर एक चित्र लावलं. पांढऱ्यावर निळं. "ह्यो पतंग," ती म्हणाली. "खरो नाय, गणितातलो." तो पतंग आडव्या इंग्रजी आठच्या आकड्यात फिरत होता, पुन्हा पुन्हा तोच आकडा, कंटाळा न करता. त्याची दोरी खाली एका पिंपाला गुंडाळलेली. पतंग ओढतो, पिंप फिरतं, वीज होते. असे पतंग अजून कुठे शेतभर उडत नाहीत, ती म्हणाली, परदेशात एखाद-दुसरा उडवून बघतात. पण उद्या शेतभर उडवायचे झाले तर एकमेकांच्या किती जवळ उडवावे, हे आधी काढून ठेवायला हवं. मी पडद्यावर बोट ठेवलं. पतंगामागे एक लांब निळी शेपटी होती, पिळवटत गेलेली, टोकाला विरत जाणारी.

"ही काय?"

"दमलेली हवा. पतंगान तिच्यातलो जोर काडून घेतलो. आता ती हळू चलता नि गरगरता. मागचो पतंग तिच्यात गावलो, तर धडपडता."

"मगे मागच्याक लांब ठेव."

"किती लांब, ताच तर काडूचा आसा," ती हसली. मग तिने मला तिची एक चूक सांगितली. लहानपणी शाळेतून आल्यावर सांगायची तशी, पाय खुर्चीवर घेऊन. संगणकाला अख्खं आकाश देता येत नाही. त्याला एक खोकं द्यावं लागतं. खोक्याच्या या बाजूने हवा आत येते, त्या बाजूने बाहेर जाते. पण बाहेर जायला जागाच नाही, म्हणून बाहेर गेलेली हवाच पुन्हा पहिल्या बाजूने आत घेतात. त्यामुळे झालं काय, की सगळ्यात पुढच्या पतंगालासुद्धा दमलेली हवा लागू लागली. त्याच्या पुढे कोणी नव्हतं, तरी तो धडपडत होता. त्याला त्याचीच शेपटी लागत होती. हे तिला महिनाभर कळलं नव्हतं.

"मगे काय केलंस?"

"खोक्यात एक पट्टी रिकामी सोडली. थय काय म्हंजे काय ठेवूचा नाय. पतंग नाय, दोरी नाय. हवा थय येता, शांत होता, नि पयल्यासारकी होवन आत जाता."

"गावपळण," मी म्हटलं.

ती मोठ्याने हसली. बाजूच्या संगणकावरच्या मुलीने मान वर केली. मग तन्वीचं हसू हळूहळू थांबलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "कौल गावलो काय?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, मी येतलंय. मी म्हटलं, ये. त्या निळ्या शेपटीकडे मी पुन्हा बघितलं नाही. मला त्या खोलीत थंडी वाजत होती.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या भागात काही गावं आहेत, तिथे काही वर्षांनी देवाला विचारतात, आणि त्याने कौल दिला की अख्खं गाव तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर जाऊन राहतं. माणसं जातात, गुरं जातात, कुत्री-मांजरं, कोंबड्यासुद्धा टोपल्यांतून जातात. खाडीपलीकडे सड्यावर, कातळाच्या उघड्या माळावर, माडाच्या झापांचे आणि ताडपत्र्यांचे मांडव पडतात. गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही. ते दिवस गाव देवाचं. परत आल्यावर गाव नवं झालेलं असतं, असं म्हणतात. लहानपणी मला गावपळण दिवाळीहून आवडायची. लग्नानंतरची पहिली गावपळण तर मला दिवसागणिक आठवते, कारण घरात माणसं दहा आणि खोल्या दोन, पण सड्यावर आम्हा दोघांना एक वेगळा मांडव मिळाला होता. माझी ताडपत्री, दुसऱ्या कोणाची नव्हे, म्हणून. सुगंधाने त्या मांडवात पहिल्यांदा माझी नक्कल करून दाखवली होती, मी सुई दातात धरून गिऱ्हाइकाशी कसा बोलतो त्याची. ती मासे विकायची. बाजारात तिचा गळा तीन गल्ल्यांत ऐकू यायचा. नवं गिऱ्हाईक नाव विचारी तेव्हा म्हणायची, "नाव सुगंधा नि इकतंय बांगडे. बापाशीन नाव ठेवताना वास घेवक नाय."

या खेपेला मला गावपळण नको होती. हे मी कोणाला सांगू शकत नव्हतो. सुगंधा गेल्यापासून मी घर एकदाही बंद ठेवलं नव्हतं. पुण्याला गेलो तेव्हासुद्धा शेजारच्या धोंडूची बायको शेवंती येऊन दिवा लावून जात होती, थोडा वेळ पडवीत बसून जात होती. घरात काही खास होतं असं नाही. तिची लुगडी तन्वीने वाटून टाकली होती, ते बरंच केलं. पण स्वयंपाकघरात एक काहीतरी होतं. वास म्हणावा तर वास नव्हता. सकाळी मी चहा ठेवायला आत जायचो तेव्हा वाटायचं, आत्ताच कोणी तरी इथून उठून मागीलदारी गेलं आहे. हवा हलल्यासारखी. मी दाराकडे बघत नसे. बघितलं तर ते जाईल, अशी मला भीती होती. चहा ओतून घ्यायचो आणि तिथेच उभ्याने प्यायचो, पाठ दाराकडे करून. आता तीन दिवस दिवा नाही, चूल नाही, माणूस नाही. तन्वीच्या त्या पट्टीसारखं. हवा पहिल्यासारखी होणार. पहिल्यासारखी म्हणजे कशी, हे कोणी मला विचारत नव्हतं. माझ्या पहिल्यात सुगंधा नव्हती काय? की तिच्याही आधीची, मी एकटा होतो तेव्हाची, त्या हवेला पहिली म्हणायचं? शेडमध्ये मशीन चालवताना मी हेच घोळवत बसायचो, आणि एकदा त्या नादात एका गिऱ्हाइकाच्या ताडपत्रीला चारही कोपरे एकाच बाजूने दुमडून शिवले. धोंडू बघून म्हणाला, "सत्या, ही ताडपत्री की लाडवाची पुडी रे?" मी उसवून पुन्हा शिवली. पण मनाशी ठरवलं ते उसवलं नाही. मी ठरवलं होतं की मी जाणार नाही. सगळे गेले की आत बसून राहायचं. दिवा लावायचा नाही, चूल पेटवायची नाही, देवाला त्रास द्यायचा नाही. फक्त बसायचं.

तन्वी गावपळणीच्या आदल्या दिवशी आली, पाठीवर तो संगणक घेऊन. धोंडूने घरापुढच्या खळ्यातच तिला गाठलं. "गो तन्वी, पतंग उडवन पगार गावता म्हणतत तुका? आमच्या पोरांनी उडयले तेवां आमी तेंका बडवलंव."

"धोंडूकाका, ते खरे उडयत होते. मी नसलेले उडयतंय."

"नसलेले? नि पडले तर?"

"पडले तर परत पयल्यापासून."

"मगे बरा आसा," धोंडू म्हणाला, "आमच्यो बोटी बुडाल्यो तर परत पयल्यापासून गावनत नाय." सगळे हसले. मीही हसलो. तन्वीने येता-येता माझ्याकडे बघितलं, मी ताडपत्रीची घडी करत होतो. आमच्या मांडवाची ताडपत्री, दोऱ्या, तांदूळ, सुकी मासळी, सगळं मी नीट बांधलं. न जाणारा माणूस जसं बांधेल त्यापेक्षा जास्त नीट.

दुसऱ्या दिवशी दुपारी देवळात नगारा वाजला आणि माणसं निघाली. आमच्या दारावरूनच वाट जाते. बैल गेले, शेळ्या गेल्या, एक टीव्ही गोधडीत गुंडाळून गेला, सड्यावर वीज नाही हे त्याच्या मालकाला कोणी तरी वाटेत सांगत होतं. शेवंतीने खळ्यातून हाक मारली, "भावजी, चूल इजवलास मां?" मी म्हटलं, इजवलंय. तन्वीला म्हटलं, "तू शेवंतीकाकीवांगडा फुडे हो. मी कवाड लावन येतंय." ती गेली. मी पुढचं दार लावलं, मागीलदारची कडी लावली, आणि स्वयंपाकघरात भिंतीला पाठ लावून बसलो. सुगंधाचा बसायचा पाट समोर होता, त्याच्या पलीकडे मागीलदाराच्या उंबऱ्याजवळ वरवंटा उभा होता. पाटा एका कोपऱ्यात आणि वरवंटा दाराजवळ, हे असं का, हे मी कधी विचारलं नव्हतं. ती होती तेव्हा तिथे होता, म्हणून नंतरही तिथेच होता.

हळूहळू आवाज कमी झाले. आधी माणसांचे, मग गुरांच्या गळ्यातले, मग कुठे तरी एक कोंबडा राहिला होता त्याच्यामागे कोणी तरी धावलं, शिव्या दिल्या, तोही गेला. मग काहीच नाही. मी जन्मलो त्या गावाचा आवाज बंद झालेला मी प्रथमच ऐकला. गावपळणीत आपण नेहमी बाहेर असतो, आत काय होतं ते कोणाला माहीत नसतं. मी डोळे मिटून बसलो. मला वाटलं होतं, आता ते नीट जाणवेल, ते हलल्यासारखं. सगळ्यांच्या आवाजात दडलेलं होतं ते आता वर येईल. पण काही वर आलं नाही. मागीलदारच्या फटीतून वारा शीळ घालत होता. दुपारचा वायव्येचा वारा, रोजचा. मी ऐकत राहिलो आणि मला दिसू लागली ती बाजारातून घरी येण्याची वाट. संध्याकाळी मी शेड बंद करायचो, ती मासळीबाजारातून यायची, डोक्यावर रिकामी टोपली, आणि आम्ही किनाऱ्याने घरी यायचो. वारा तोंडावर. ती नेहमी मागे. मी म्हणायचो, माज्यावांगडा चल. ती म्हणायची, "तुमी फुडे चला ओ." मी सावकाश चाललो की ती आणखी सावकाश. मी थांबलो की ती थांबायची, वाळूत काहीतरी बघितल्यासारखं करून. मला वाटायचं, दिवसभर उभं राहून पाय दुखत असतील. कधी वाटायचं, लोक बघतील म्हणून. तेवढी लाजरी ती नव्हती, तरी वाटायचं. नंतर मी विचारायचं सोडून दिलं. माझ्या पाठीमागे तिच्या बांगड्या आणि वाळूतली पावलं, एवढं ऐकू आलं की पुरे असायचं. शेवटच्या तापात तिला ओरोसच्या इस्पितळात नेलं, तेव्हा गाडीत मी पुढे बसलो होतो आणि ती मागे आडवी. तेव्हाही मी मागे न बघता हात मागे केला होता. तो तिने धरला होता.

"बाबा."

तन्वी पडवीच्या दारात होती. पुढच्या दाराला मी कडी घातलीच नव्हती हे मला तेव्हा कळलं. तिच्या कपाळावर घाम होता, केस तोंडावर आले होते. "तू जावक नाय?" मी विचारलं.

"वेशीपर्यंत गेल्लंय. मागे बघलंय तर तुमी नाय."

"मी रवतंय हय. कोनाक सांगू नको."

ती रागावली नाही. गाव माझ्यामुळे खोळंबेल, देव काय म्हणेल, धोंडू काय म्हणेल, यातलं काही बोलली नाही. आत येऊन माझ्या बाजूला भिंतीला टेकून बसली. आईच्या पाटावर बसली नाही, हे मी बघितलं. मग मीच बोललो. "तुज्या त्या पट्टीत एक मानूस रवलो, तर काय होता?"

"मगे ती पट्टी रवना नाय. हवा तेच्याच भोवती फिरत रवता."

"फिरांदे. माका हवा पयल्यासारकी नको."

तिने गुडघे जवळ घेतले आणि हनुवटी त्यांच्यावर ठेवली. सुगंधाही अशीच बसायची, हिशेब चुकला की. "पयल्यासारकी होयत नाय ती, बाबा," ती म्हणाली. "पट्टी कितीय लांब ठेवा. आकडो बारीक होत जाता, बारीक होत जाता, पन शून्य येना नाय. सर म्हनतत, इतको बारीक आकडो सोडून देवचो. मी सोडतंय. लिवताना लिवतंय, हवा पूर्ववत झाली. पन ता खरा नाय. काय तरी रवताच." जरा थांबून ती म्हणाली, "माका पयल्यांदा ता बघून बरा वाटला होता. कोनाक सांगूक नाय मी."

तिचंही काहीतरी गेलं होतं, हे मी इतक्या महिन्यांत लक्षातच घेतलं नव्हतं. मी घराची राखण करत बसलो होतो आणि ती पुण्याच्या त्या थंड खोलीत आकडा शून्य होत नाही म्हणून बघत बसली होती. तिने उठून हात पुढे केला. "चला. भायर वारो लय सुटलो आसा. माका तुमच्या मागसून चलाचा आसा."

"मागसून कित्याक?"

"आवशीन सांगलेल्यान," ती म्हणाली, जसं काही तिच्या आईचं हे सांगणं मला ठाऊक असणारच. "मी बारकी असताना. आपन तिगा किनाऱ्यान येव, तेवां. बाबांच्या मागसून चल, थय वारो मेलेलो आसता. टोपली उडना नाय, डोळ्यांत रेव जायना नाय. तुमी फुडे, मगे ती, मगे मी. तुमी थांबलास तर आमी थांबव. नायतर तुमच्यार आपटान पडलो असतव."

मी उठलो. दार ओढून घेतलं आणि किनाऱ्यावर आलो. सड्याकडची वाट उत्तरेला जाते, वारा थेट तोंडावर होता. मी पुढे झालो. मी उंच माणूस आहे, खांदे रुंद, आयुष्यभर लोक चेष्टेने म्हणत, सत्याक उबो केलो तर शीड नको. माझ्या मागे तन्वीची पावलं येत होती. इतक्या वर्षांत माझ्या पाठीचा असा काही उपयोग होतो, हे मला माहीत नव्हतं. सुगंधाला माहीत होतं. तिने ते सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर मी पाठ मुद्दाम धरून चाललो असतो आणि तिला हसू आलं असतं. किंवा तिला ते सांगण्यासारखं वाटलंच नसेल. चूल फुंकावी तसं रोजचं. मी वाऱ्यात डोळे बारीक करून चालत होतो आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, त्याला वारा हे कारण पुरेसं होतं. मागून तन्वी म्हणाली, "सावकाश, बाबा." मी सावकाश झालो.

सड्यावरचे दिवस बरे गेले. खोटं कशाला सांगू, मी दोनदा पोट धरून हसलो. टीव्हीवाल्याने टीव्हीवर तुळशीची कुंडी ठेवली होती. बायकांनी फुगड्या घातल्या, धोंडूने रेड्याचं सोंग आणलं. तन्वीच्या संगणकाची बॅटरी पहिल्याच दिवशी संपली, तेव्हा तिने तांबड्या मातीत काटकीने खोकं काढलं आणि शेवंतीला पतंग समजावून सांगितले. शेवंती म्हणाली, "म्हंजे मागच्यान वायच बाजूक सरून उडूचा. इतक्याक इतका शिकूक व्हया?" तन्वी म्हणाली, "वायच म्हंजे किती, ताच शिकतंय गो काकी." पण मधेच, जेवताना किंवा कोणी गात असताना, माझं मन उठून घराकडे जायचं. आत्ता तिथे काय असेल. काही नसेल. काही नसणं कसं दिसत असेल. मी खाडीपलीकडे बघायचो, माडांच्या आत आमच्या घराची कौलं दिसत नव्हती, आणि धूर कुठेच नव्हता.

चौथ्या दिवशी देवाने परत यायला कौल दिला. आम्ही परत आलो, आधी मी, मग तन्वी. पुढचं दार उघडलं आणि आतून वारा तोंडावर आला. मला क्षणभर पाय टाकवेना. मागीलदार सताड उघडं होतं. मी कडी लावली होती, पण ती कडी ढिली आहे, वाऱ्याने हलून पडते. सुगंधा रोज दुपारी त्या दाराला आतून वरवंटा टेकवून ठेवत असणार. म्हणून तो तिथे होता. ती गेल्यापासून दुपारी मी घरातच असायचो, दार उघडलं की उठून लावायचो, माझ्या ते लक्षात आलं नव्हतं. तीन दुपारी समुद्रावरचा वारा सरळ घरात शिरला होता आणि त्याने किनाऱ्याची रेती आत आणली होती. स्वयंपाकघरभर बारीक पांढरी रेती.

पण ती कशीही पडलेली नव्हती. तन्वी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरच खाली बसली. "बाबा, पाय ठेव नकात," ती हळू म्हणाली. प्रत्येक वस्तूच्या मागे रेतीची एक शेपटी होती. घागरीच्या मागे रुंद, तांब्याच्या मागे आखूड, पाट्याच्या मागे दोन, मध्ये मोकळी जमीन. जिथे वारा अडला होता तिथे त्याने हातातलं खाली ठेवलं होतं. आणि वरवंट्याच्या मागे एक लांब, निमुळती, पाण्याने ओढल्यासारखी शेपटी होती. ती सुगंधाच्या पाटापर्यंत गेली होती आणि पाटाच्या मागून पुन्हा निघाली होती. घरात कोणी नव्हतं, दिवा नव्हता, आवाज नव्हता. तरी तिने जिथे जे ठेवलं होतं, वारा त्याला वळसा घालूनच गेला होता. तीन दिवस. तन्वीने मोबाईलवर फोटो काढला, मग मोबाईल बाजूला ठेवला आणि नुसतीच बघत बसली. मी तिच्या मागे उभा होतो. तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि या खेपेला हाताखाली कोणी होतं.

त्या संध्याकाळी आम्ही पडवीत तीन दगडांवर भात केला. सकाळी मी केरसुणी घेतली आणि सगळी रेती लोटून काढली. वरवंट्याच्या मागचीसुद्धा. तन्वीने वरवंटा पुसून तिथेच ठेवला. चहा मी बसून प्यालो, दाराकडे तोंड करून.

दुपारी ती पुण्याला निघाली. बॅग उचलताना म्हणाली, "बाबा, मगे?" ती खाट मला दिसली, प्लास्टिकच्या कागदासकट.

"शिमगो झाल्यार येतंय. म्हयनोभर. पावसाआदी परत."

"घर बंद रवात."

"रवांदे," मी म्हटलं. मागीलदार लावलं, कडी घातली, आणि वरवंटा टेकवला. तो दाराच्या एका ठरलेल्या खाचेत बसला. त्या खाचेवर मी कधी बोट फिरवलं नव्हतं.

तिला बसवर पोचवायला बाजाराकडे जायचं म्हणजे दक्षिणेला. वारा पाठीमागून होता, जोराचा, पायांत रेती मारत होता. थोडं चालल्यावर मी पाऊल कमी केलं आणि तिला पुढे जाऊ दिलं. तिचे केस उडायचे थांबले. ती थांबली, म्हणून मीही थांबलो आणि वाळूत काहीतरी बघितल्यासारखं केलं. "बाबा, माज्यावांगडा चला मां," ती म्हणाली.

"तू फुडे चल गो," मी म्हटलं.